‘डिसपॅशनेट’ म्हणजे भावनाशून्य का?

मार्कंडेय (धागाकर्ता)

नमस्कार. गावच्या वाचनालयाच्या वार्षिकांकासाठी मी एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करीत आहे. लेख महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या इतिहासावर आहे आणि लिहिणारा तरुण आमच्याच तालुक्यातला, पण पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेला आहे. पहिल्याच परिच्छेदात आपला हेतू सांगताना त्याने ‘डिसपॅशनेट अकाउंट’ असे शब्द वापरले आहेत. मी फारसा विचार न करता ‘भावनाशून्य हकिगत’ असे लिहून पुढे गेलो. अंकाच्या बैठकीत मजकूर वाचून दाखविला, तेव्हा भिंतीला टेकून बसलेले, वयाची ऐंशी ओलांडलेले आमचे एक अण्णा चष्मा काढून म्हणाले, “भावनाशून्य असंल तर लिवलंय कशाला गा? त्यापरास पंचांग छाप की.”

सगळे हसले, मीही हसलो, पण घरी येऊन कोश उघडल्यावर अण्णांचेच बरोबर असल्याचे ध्यानात आले. ज्याला भावनाच नाहीत त्याला इंग्रजीत डिसपॅशनेट म्हणत नाहीत. भावना असूनही ज्याने तिला निर्णयात किंवा निवेदनात हात घालू दिलेला नाही, त्याला तसे म्हणतात. हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत आहे आणि तो बहुधा माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्या कृतीला लागतो: डिसपॅशनेट विश्लेषण, डिसपॅशनेट नजर, डिसपॅशनेट चर्चा. आता तटस्थ, अलिप्त, त्रयस्थ, निर्विकार, निःपक्षपाती, उदासीन, वस्तुनिष्ठ असे सात शब्द कागदावर मांडून बसलो आहे आणि प्रत्येक शब्द थोडा थोडा हुकतो आहे. जाणकारांनी मदत करावी.

खडेबाजार

सर, ‘तटस्थ’ लिहा आणि अंक छापायला टाका. वर्तमानपत्रे रोज तोच शब्द वापरतात आणि वाचकाला तो कळतो. डिसपॅशनेट काय किंवा डिसइंटरेस्टेड काय, दोन्हींचा अर्थ रस नसलेला, बाजूला बसलेला असाच आहे.

घटप्रभाकाठ

‘तटस्थ’ हा शब्द वाटतो तितका साधा नाही. तट म्हणजे काठ आणि तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. जुन्या पोथ्यांत तर तटस्थ होणे म्हणजे आश्चर्याने थक्क होऊन जागच्या जागी थांबणे असाही अर्थ येतो. देव प्रकटतो आणि सभा तटस्थ होते. ती सभा निःपक्षपाती झालेली नसते, तिची वाचा बसलेली असते. आजच्या वापरात तो अर्थ मागे पडला आहे, पण काहीही न करणे ही त्याची छटा मात्र टिकून आहे. मतदानाच्या वेळी तटस्थ राहिलेला सभासद कोणताच निर्णय देत नाही. डिसपॅशनेट माणूस निर्णय देतो, आणि पुष्कळदा तो कडक असतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेला पूर आला, तेव्हा गोकाकच्या बाजूला आम्ही काठावर उभे असलेले लोक पाहिले आहेत. काही जण मोबाइलवर चित्रण करीत होते. एक जण मात्र पाण्याला किती ओढ आहे, दोर कोणत्या झाडाला बांधावा आणि आधी कोणाला बाहेर काढावे, याचा हिशेब एकही शब्द न बोलता करीत होता, आणि त्याचे स्वतःचे घर त्याच पाण्यात होते. काठावर दोघेही होते, म्हणजे शब्दशः तटस्थ दोघेही. तुमचा इंग्रजी शब्द लागू पडतो तो दुसऱ्याला.

(या धाग्यावर निम्मी मंडळी नदीचे नाव घेऊन बसलेली दिसतात, तेव्हा काठाचा विषय निघणारच होता.)

वेदगंगा

मी निपाणीकडची, जैन घरातली आहे. आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडणारा ‘वीतराग’ हा शब्द कोणी अजून घेतला नाही, म्हणून लिहिते. ज्याचा राग निघून गेला आहे तो वीतराग. मात्र हा ‘राग’ मराठीतला संताप नव्हे. संस्कृतात राग म्हणजे आसक्ती, ओढ, आणि त्याचा मूळ धातू रंगण्याचा आहे. मनाला चढलेला रंग म्हणजे राग. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांवरचे रंगविलेले सूत ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल, कारण रंग सुतावर नुसता बसत नाही, तो आत मुरतो, आणि तो काढायचा म्हटला तर सूतच झिजते.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत नेमिनाथांच्या मूर्तीसमोर उभे राहिले की वीतरागतेचा अर्थ शब्दांवाचून कळतो. परंतु तो शब्द तुमच्या लेखाला चालणार नाही, असे माझेच मत आहे. वीतरागता ही साधनेने आलेली कायमची स्थिती आहे. इंग्रजी शब्दाला एवढी मोठी मागणी नाही. एखादा माणूस सकाळी बैठकीत डिसपॅशनेट असू शकतो आणि संध्याकाळी क्रिकेट बघताना घर डोक्यावर घेऊ शकतो. स्थितप्रज्ञाच्या बाबतीतही हीच अडचण आहे. वार्षिकांकात लेख लिहिणाऱ्या मुलाला एकदम स्थितप्रज्ञ केले, तर अण्णा पुन्हा चष्मा काढतील.

कोर्टकचेरी

खडेबाजार यांच्या प्रतिसादातील एक गोष्ट दुरुस्त करणे आवश्यक आहे. डिसइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला, हा अर्थ बोलण्यात पसरला असला तरी काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत, आणि कायद्याच्या इंग्रजीत तर नक्कीच, इंटरेस्ट म्हणजे हितसंबंध. ज्याचा त्या प्रकरणात काही वाटा नाही, ज्याला निकालातून काही मिळायचे किंवा गमवायचे नाही, तो डिसइंटरेस्टेड. रस नसलेल्यासाठी अनइंटरेस्टेड हा वेगळा शब्द आहे. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड हवा. अनइंटरेस्टेड न्यायाधीश म्हणजे युक्तिवाद चालू असताना पेंगणारा.

आता तीन शब्द वेगळे करून पाहू, कारण मराठीत आपण तिन्हींच्या अंगावर ‘निःपक्षपाती’ हा एकच सदरा चढवितो. डिसइंटरेस्टेड असणे ही परिस्थिती आहे; हितसंबंध असतो किंवा नसतो, त्यात मनाचा प्रश्न नाही. आपल्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे जुने तत्त्व त्यावरच उभे आहे. इंपार्शल असणे हा वागण्याचा गुण आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच माप लावणे. आणि डिसपॅशनेट असणे हा मनाचा, किंवा अधिक नेमके सांगायचे तर मन आणि निर्णय यांच्यात राखलेल्या अंतराचा गुण आहे.

हे तिन्ही एकमेकांवाचून असू शकतात. आमच्या खानापूर भागात भाऊबंदकीत शेत वाटण्याची एक रीत आहे: एका भावाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. वाटे करणारा भाऊ त्या दिवशी रागाने थरथरत असतो, समोरच्याशी त्याचे बोलणे बंद असते, आणि हितसंबंध तर काठोकाठ भरलेला असतो. तरीही तो विहिरीकडचा तुकडा आणि माळाकडचा तुकडा असे काही तोलतो की दोन्ही वाट्यांत गुंठ्याचा फरक सापडू नये, कारण उरलेला वाटा त्यालाच घ्यायचा असतो. वाटणी पूर्ण इंपार्शल होते आणि माणूस मुळीच डिसपॅशनेट नसतो. उलट, अत्यंत शांत आवाजात, एकही कठोर शब्द न वापरता एका बाजूचे संपूर्ण पारडे जड करणारे लोकही मी वकिलीत पुष्कळ पाहिले आहेत. थंड डोक्याने केलेला पक्षपात ओळखायला सर्वांत अवघड जातो.

खडेबाजार

डिसइंटरेस्टेडविषयी चूक मान्य. पेंगणारा न्यायाधीश लक्षात राहील. तरीही तटस्थ हा शब्द सोपा आहे, हे माझे म्हणणे कायम आहे.

अर्धीकानडी

माझे माहेर कन्नड आणि सासर मराठी, त्यामुळे ‘उदासीन’ या शब्दाने माझी सुरुवातीला बरीच फजिती केली. आमच्याकडे “उदासीन माडबेडा” म्हणजे दुर्लक्ष करू नकोस, हेळसांड करू नकोस. सासूबाई एकदा शेजारणीविषयी म्हणाल्या की ती हल्ली उदास असते, आणि मला वाटले तिचे घराकडे लक्ष नाही. मराठीत उदास म्हणजे खिन्न आणि उदासीन म्हणजे आस्था नसलेला. संस्कृतात मात्र तो उद् आणि आसीन, म्हणजे वर किंवा वेगळा बसलेला, इतकाच होता आणि त्यात कमीपणा नव्हता.

गीतेच्या सहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात सुहृद, मित्र, शत्रू यांच्या रांगेत उदासीन आणि मध्यस्थ हे दोघे शेजारी शेजारी येतात. शंकराचार्यांनी भाष्यात त्यांचा भेद सांगितला आहे: उदासीन तो कोणाचाच पक्ष घेत नाही आणि मध्यस्थ तो भांडणाऱ्या दोघांचेही हित इच्छितो. म्हणजे वेगळे बसणे आणि दोघांविषयी आस्था ठेवून मध्ये उभे राहणे यांतला फरक आपल्याकडे फार पूर्वीच नोंदलेला आहे. दुर्दैवाने ‘मध्यस्थ’ आता जागा-जुमल्याच्या दलालाला चिकटला, आणि ‘उदासीन’ प्रशासनाला.

कन्नडमध्ये डिसपॅशनेटसाठी ‘निर्लिप्त’ बरेचदा वापरतात. मराठीतला ‘अलिप्त’ त्याचाच भाऊ आहे, पण ‘अलिप्त राष्ट्रे’ ऐकून ऐकून त्याला परराष्ट्र धोरणाचा वास लागला आहे, असे मला वाटते.

वॉर्डनंतरचहा

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे आणि या शब्दाशी माझी रोजची गाठ आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पॅशन या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या सोसणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांनाही इंग्रजीत पॅशन म्हणतात ते याच जुन्या अर्थाने. त्याच मुळातून पेशंट आला, म्हणजे सोसणारा, पॅसिव्ह आला, आणि कंपॅशनही आला, म्हणजे बरोबरीने सोसणे. तेव्हा डिसपॅशनेट आणि कंपॅशनेट ही एकाच घरातली भावंडे आहेत, आणि आमच्या व्यवसायात ती दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी लागतात. विल्यम ऑस्लर या नामांकित डॉक्टरांनी १८८९ साली फिलाडेल्फियात नव्याने पदवी घेणाऱ्यांपुढे केलेले भाषण मनाच्या समतोलावरच होते. त्यात त्यांनी बाहेरून न डगमगणे आणि आतून शांत असणे या दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत.

या दोन्हींत मराठीतला ‘निर्विकार’ कुठे बसतो ते पाहा. निर्विकार म्हणजे ज्याच्यात बदल होत नाही असा, आणि रोजच्या बोलण्यात ज्याच्या चेहऱ्यावर बदल दिसत नाही असा. खिडकीपलीकडचा कारकून निर्विकार चेहऱ्याने “उद्या या” म्हणतो. इंग्रजीत त्याला इंपॅसिव्ह म्हणतात, डिसपॅशनेट नव्हे. एक चेहऱ्याचा शब्द आहे, दुसरा निवाड्याचा.

मी शिकाऊ असताना एका रात्री अपघातात सापडलेला मुलगा आणला गेला, आणि तो आमच्या वरिष्ठ मॅडमच्या गल्लीतला, ओळखीचा निघाला. मॅडमनी त्याचे नाव एकदाच उच्चारले. त्यानंतर पाऊण तास त्या फक्त आकडे बोलत होत्या: नाडी, रक्तदाब, किती रक्त चढविले, किती वाजता चढविले. आवाज नेहमीचाच होता. मुलगा स्थिर झाल्यावर त्या बाहेर बाकावर बसल्या आणि मी चहा आणून दिला, तेव्हा कप बशीवर वाजत होता, इतका त्यांचा हात थरथरत होता. त्यांना भावनाशून्य, उदासीन किंवा अलिप्त म्हणणे चूक ठरेल. पाऊण तास त्यांनी जे केले त्याला इंग्रजीत डिसपॅशनेट म्हणतात, आणि मराठीत आपण ‘मन घट्ट करून’ म्हणतो. फक्त त्यात निर्णयाच्या अचूकतेचा भाग येत नाही, सोसण्याचाच येतो.

सीमावासी

चर्चा विद्वत्तापूर्ण आहे, पण मूळ प्रश्न कोणी विचारीत नाही. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळ्या फिती लावल्या आहेत आणि १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन केले आहे. या विषयावर डिसपॅशनेट लिहावेच का? ज्याला झळ लागली नाही त्याने खुशाल तटस्थ व्हावे. आमच्याच अंकात, आमच्याच मुलाने, आमच्याच प्रश्नावर परक्यासारखे लिहिणे मला पटत नाही.

मार्कंडेय

सीमावासी, तुमच्या प्रश्नामुळेच मला हा शब्द नीट कळला, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

कोर्टकचेरी यांनी केलेला भेद आपल्याला लावून पाहा. सीमाभागात राहणारा कोणताही माणूस या प्रश्नात डिसइंटरेस्टेड असू शकत नाही. मराठी बोलणारा नाही आणि कन्नड बोलणाराही नाही. मुलांची शाळा, उताऱ्याची भाषा, बसवरची पाटी, सगळीकडे हितसंबंध आहे आणि तो लपवून लिहिणे हे खोटेपणाचे ठरेल. ‘त्रयस्थ’ हा शब्द मी यादीतून खोडला तो याच कारणाने, कारण तिसरा होण्यासाठी आपण दोघांपैकी एक नसावे लागते. परंतु डिसपॅशनेट होण्यासाठी परके व्हावे लागत नाही. अ‍ॅडम स्मिथने १७५९ साली आपल्या नीतिविषयक ग्रंथात प्रत्येकाच्या अंतरात बसलेल्या निःपक्षपाती प्रेक्षकाची कल्पना मांडली, आणि तो प्रेक्षक बाहेरून आणावा लागत नाही, हाच तिचा विशेष आहे.

आता त्या मुलाने प्रत्यक्षात काय केले ते सांगतो. महाजन आयोगाविषयी आपल्याकडे “आयोगाने बेळगाववर घोर अन्याय केला” असे वाक्य सहज लिहिले जाते. पलीकडे “आयोगाने प्रश्न कायमचा निकालात काढला” असे तितक्याच सहजपणे लिहिले जाते. पहिल्या वाक्यात आवेश दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही, पण दुसरे वाक्य पहिल्याहून तसूभरही अधिक निःपक्षपाती नाही. थंड डोक्याचा पक्षपात म्हणतात तो हा. त्या मुलाने जे लिहिले त्याचे माझे भाषांतर असे आहे:

“केंद्र सरकारने १९६६ साली माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. महाराष्ट्राचा दावा ८१४ गावांवर होता. १९६७ च्या अहवालात आयोगाने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे त्या वेळच्या म्हैसूर राज्याला (आजच्या कर्नाटकाला) द्यावीत, तसेच बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच राहावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, तर म्हैसूरने तो लागू करण्याचा आग्रह धरला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.”

या परिच्छेदात बाजू घेणारे एकही विशेषण नाही. विशेषणे काढली की लेख आपोआप डिसपॅशनेट होतो असे मात्र समजू नये, कारण कोणती घटना घ्यायची आणि कोणती गाळायची यातही मन डोकावते. येथे त्याने स्वतःला न आवडणारी शिफारस पूर्ण लिहिली आहे, आकड्यांसह लिहिली आहे आणि तिच्यापुढे महाराष्ट्राचा नकारही लिहिला आहे. त्याचे आजोबा १९५६ पासूनच्या चळवळीत होते, हे मला ठाऊक आहे आणि लेखाच्या शेवटी त्याने ते स्वतःच सांगितले आहे.

सीमावासी

परिच्छेद वाचला. त्यात खोडण्यासारखे काही सापडले नाही, आणि माझा प्रश्न तेवढ्याने मिटलाही नाही. आमच्यातल्या कोणाला पलीकडच्या माणसासमोर ठेवायचा झाला तर असा लेख ठेवता येईल, एवढे मान्य करतो. ‘भावनाशून्य’ मात्र नको.

वेदगंगा

आणखी एक खाचखळगा. हल्ली नोकरीच्या जाहिरातीत ‘पॅशनेट उमेदवार हवा’ असे लिहितात. तिथे पॅशन म्हणजे ध्यास, आवड. म्हणून डिसपॅशनेट म्हणजे कामाची आवड नसलेला, असा अर्थ माझ्या भाच्याने लावला होता. पॅशनचा अर्थ जिथे गेला तिथे डिसपॅशनेट त्याच्यामागून गेलेला नाही. बागकामाचा ध्यास असलेल्याच्या विरुद्ध टोकाला बसविता येईल असा डिसपॅशनेट माळी नसतो.

कोर्टकचेरी

‘वस्तुनिष्ठ’ विषयी कोणी बोलले नाही. तो शब्द वाईट नाही, पण तो वस्तूकडे बोट दाखवितो, माणसाकडे नाही. शिवाय आता तो प्रश्नपत्रिकेतल्या चार पर्यायांच्या प्रश्नांना जास्त लागतो.

माझी सूचना अशी की एकशब्दी प्रतिशब्दाचा हट्ट सोडावा. ‘भावनेच्या आहारी न जाता’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, आणि त्यात भावना आहे, ती जेवायला बोलावते आहे आणि माणूस जात नाही, हे सगळे आले.

घटप्रभाकाठ

किंवा ‘रागलोभ बाजूला ठेवून’. वेदगंगाताईंचा राग आणि आपला राग, दोन्ही त्यात मावतात.

मार्कंडेय

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी अण्णांच्या घरी जाऊन दोन्ही पर्याय वाचून दाखविले. ‘भावनेच्या आहारी न जाता’ हे त्यांना भाषणातले वाटले, म्हणून तो पर्याय बाद झाला. ‘रागलोभ बाजूला ठेवून लिहिलेली हकिगत’ हे त्यांनी दोनदा वाचायला लावले आणि मग विचारले, “बाजूला ठिवलाय म्हंजे टाकून दिलेला न्हाई न्हवं?”

नाही, असे मी सांगितले. “मग असू दे,” म्हणाले आणि कागद माझ्या हातात परत दिला. मुद्रिते सोमवारी जात आहेत. खडेबाजार यांचा ‘तटस्थ’ पान अकरावर एका ठिकाणी ठेवला आहे, कारण तिथे मूळ लेखात खरोखरच ‘न्यूट्रल’ असा शब्द होता.